हानाकापीआईचा धबधबा: बेत धबधब्याचा नाही, ओढ्याचा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियाहून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हवाईतल्या काउआई बेटावर जायचं आहे. तुम्ही दोघं चाळिशीतले, मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी अकराची, आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे सत्तरीच्या जवळ. सासऱ्यांनी तरुणपणी सह्याद्रीतले बरेच किल्ले केलेत, त्यामुळे त्यांना आणि नातवाला हानाकापीआईच्या धबधब्यापर्यंत जायचंच आहे. बुकिंग कसं करायचं, एका दिवसात होतं का, सोबत काय न्यायचं, आणि डिसेंबरात जावं का?

एका दिवसात होतं. बुकिंग जमतं. डिसेंबरातही कधी कधी जाता येतं. पण हा बेत ज्या एका गोष्टीवर उभा राहतो ती तुमच्या प्रश्नात कुठेच आलेली नाही: वाटेतला ओढा. मी या वाटेवर बरीच वर्षं माणसं नेतो, आणि माझा सगळा हिशेब त्या ओढ्यापासून सुरू होतो. बाकीचं त्या मानाने सोपं आहे.

आधी वाट समजून घ्या. काउआईच्या उत्तर किनाऱ्यावरचा रस्ता जिथे संपतो तिथे केए नावाचा समुद्रकिनारा आहे. त्यापुढे गाडी जात नाही, कारण पुढे नापालीचे कडे थेट समुद्रात उतरलेले आहेत. या कड्यांच्या अंगाने कलालाऊ ट्रेल जातो, एकूण 11 मैल, म्हणजे जवळजवळ 18 किलोमीटर. तुम्हाला त्यातले फक्त पहिले दोन मैल चालायचे आहेत, हानाकापीआईच्या किनाऱ्यापर्यंत. तिथे मुख्य वाट सोडून डावीकडे दरीत आत शिरायचं आणि ओढ्याच्या काठाने आणखी दोन मैल वर जायचं. दरीच्या टोकाला साधारण 300 फुटांवरून पाणी पडतं. जाऊन-येऊन आठ मैल, तेरा किलोमीटर होतात. सपाट रस्त्यावर ही मजल काहीच नाही. इथे मात्र चांगल्या चालणाऱ्याला सहा तास लागतात, कुटुंब असेल तर आठ धरा.

पहिले दोन मैल आणि पुढचे दोन मैल या दोन वेगळ्या वाटा आहेत असं मानूनच ठरवा. किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर सुरुवातीलाच दगडांची खडी चढण आहे, ती चांगलीच दमवते. पण वाट ठळक आहे, चुकत नाही. अर्ध्या मैलावर मागे वळून पाहिलं की केएचं प्रवाळ आणि निळं-हिरवं पाणी खाली पसरलेलं दिसतं, आणि पुढे नापालीच्या कड्यांची रांग. शेवटी वाट उतरत उतरत ओढ्याच्या मुखाशी येते. दुसरा टप्पा दरीतला. तिथे वाट अरुंद होते, ओढा अनेकदा ओलांडावा लागतो, मुळं, चिखल, ओले धोंडे, आणि शेवटच्या भागात तर धोंड्यांवरून हात टेकत जावं लागतं. कुठल्या काठाने वाट पुढे गेली आहे हे काही ठिकाणी थांबून शोधावं लागतं.

आता ओढा. बेटाच्या मधोमध वायालेआले हे शिखर आहे, उंची 1,569 मीटर. तिथे वर्षाला सरासरी साडेअकरा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरची ओल घेऊन येतात, कड्यांना अडून वर चढतात आणि तिथेच ओल टाकून देतात. मोसमी वाऱ्यांनी महाबळेश्वर आणि आंबोली भिजतात तीच रीत, फक्त इथे वारे वर्षभर वाहतात. हिवाळ्यात त्यात नैऋत्येकडून येणाऱ्या कोना वादळांची भर पडते. हानाकापीआईची दरी लहान आणि तीव्र उताराची आहे. तिच्या माथ्यावर ढग फुटला तर ते पाणी मुरायला किंवा पसरायला जागाच नाही. ते काही मिनिटांत खाली येतं. तुम्ही किनाऱ्यावर उन्हात भाकरी खात बसलेले असाल, अंगावर थेंबही पडलेला नसेल, आणि घोट्यापर्यंतचा ओढा मांडीपर्यंत चढलेला असेल.

हे घाबरवायला सांगत नाही. एप्रिल 2014 मध्ये असाच ओढा चढला आणि पलीकडे अडकलेल्या 121 जणांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी याच ओढ्यात ओलांडताना एक बाई वाहून गेल्या. आपल्याकडे लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातले पाच जण गेले, ते चित्र अनेकांच्या अजून डोळ्यांसमोर असेल. तिथेही कारण हेच होतं: वर पाऊस, खाली माणसं, आणि मधे फार थोडा वेळ. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, म्हणून तुमच्या सासऱ्यांच्या अनुभवाचा मला आधारच वाटतो. फक्त त्यांना एक फरक सांगा. आपल्याकडे अशा ओढ्यांचा काळ जून ते सप्टेंबर असतो, बाकी आठ महिने ते निवांत असतात. इथे असा निवांत महिना नाही. उन्हाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर, धोका कमी होतो, संपत नाही.

एप्रिल 2018 चा आकडा तर मुंबईकराला लगेच समजेल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. 14 आणि 15 एप्रिल 2018 ला याच उत्तर किनाऱ्यावर, हानालेई गावाजवळच्या वायपा इथे 24 तासांत 1,262 मिलिमीटर नोंदला गेला. अमेरिकेतला तो विक्रम आहे. दरडी कोसळल्या, रस्ता तुटला, आणि हा सगळा भाग पर्यटकांना जून 2019 पर्यंत बंद राहिला.

बुकिंगची आजची पद्धत त्या बंदनंतरच आली. पूर्वी रोज दोन हजारांच्या वर माणसं इथे येत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागत, गावातल्या लोकांना स्वतःच्या घरी पोचणं अवघड होई. उघडताना, ही वाट जिथे सुरू होते त्या हाएना स्टेट पार्कने दिवसाला 900 पाहुण्यांची मर्यादा घातली, आणि गावकऱ्यांच्या संस्थांना व्यवस्थेत भागीदार केलं. मला ही मर्यादा मनापासून पटते. वाट आता श्वास घेते, आणि ओढ्यावर रांग लागत नाही. रांग लागली की मागच्याच्या घाईने पुढचा चुकीच्या जागी पाय टाकतो.

हवाईबाहेरच्या प्रत्येकाला आगाऊ आरक्षण लागतं. ते तीस दिवस आधी, हवाईच्या मध्यरात्री उघडतं. हवाईत घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे डिसेंबरसाठी कॅलिफोर्नियात ती वेळ पहाटे दोनची, आणि सासू-सासरे अजून पुण्यात असतील तर त्यांच्या दुपारी साडेतीनची. दुपारचा चहा करत करत त्यांनीच बुकिंग केलं तर तुमची झोप वाचेल. नाताळच्या आठवड्यात पार्किंगच्या जागा काही मिनिटांत जातात. गाडीचं आरक्षण सकाळ-दुपार अशा वेळांच्या तुकड्यांत मिळतं, आणि धबधब्यापर्यंत जाणाऱ्याला लागोपाठचे दोन तुकडे घ्यावे लागतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून मी नेहमी शटल सुचवतो. हानालेईच्या बाजूला गाडी ठेवायची आणि बसने थेट केएपर्यंत जायचं. तिकिटात पार्कचा प्रवेश धरलेला असतो, बसायला जागा सहसा मिळते, आणि परतायची वेळ मोकळी राहते. शेवटची बस किती वाजता सुटते ते मात्र प्रत्येकाला पाठ असू द्या. नुसता प्रवेश माणशी पाच डॉलर आणि पार्किंग दहा डॉलर असं ठरलेलं होतं, शटल बरीच महाग. दर बदलतात, ते बुकिंग करतानाच पाहा. जागा संपल्या दिसल्या तरी रोज एकदा डोकवा, रद्द झालेली तिकिटं परत येत राहतात.

हानाकापीआईच्या धबधब्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, हाएनाचं आरक्षण पुरतं. पण मुख्य वाटेवर हानाकापीआईची दरी ओलांडून कलालाऊच्या दिशेने पुढे जायचं असेल तर मुक्कामाचा परवाना हवा, मग तुम्ही त्याच दिवशी परतणार असलात तरीही. मुलाला उत्साहात "अजून एक वळण" वाटलं तर त्याला हे आधीच सांगून ठेवा.

आणि आता माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला. एकच दिवस बुक करू नका. दोन दिवस करा, मधे दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवून, आणि पहिला दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेवा. एकच दिवस हातात असेल तर माणूस ओढ्यापाशी उभा राहून ओढ्याकडे पाहत नाही, तिकिटाकडे पाहतो. इतक्या लांबून आलो, पहाटे दोनला उठून बुकिंग केलं, आजी-आजोबा पुन्हा कधी येणार. हे सगळं खरं असतं, पण पाण्याला त्यातलं काही माहीत नसतं. दुसरा दिवस खिशात असला की मागे फिरणं सोपं होतं. सहा जणांचे जास्तीचे पैसे जातील हे मला कळतं. ओढ्यापर्यंत जाणारच नाहीत अशांचं दुसरं तिकीट काढू नका, म्हणजे खर्च कमी होईल.

जायच्या आदल्या तीन दिवसांपासून पाऊस बघायला लागा. फोनवरचं ढगाचं चित्र इथे उपयोगाचं नाही, उत्तर किनाऱ्यासाठी ते जवळजवळ रोज पावसाचंच असतं. होनोलुलूच्या हवामान कार्यालयाचे इशारे पाहा. काउआईसाठी पुराचा कुठलाही इशारा लागू असेल तर दरीत जायचं नाही, हा माझा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. हानालेई नदीची पातळी ऑनलाइन दिसते, तीही पाहा. ही नदी फुगली की हानालेईचा पूल बंद होतो, आणि मग तुम्ही नदीच्या अलीकडच्या प्रिन्सव्हिल गावात असाल तर तिकडेच राहता, किंवा पलीकडे असाल तर पलीकडेच. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला आणि सकाळ लख्ख उजाडली, तर त्या लख्ख सकाळीवर विश्वास ठेवू नका. जमीन भिजलेली असते, पुढची सर आली की सगळी ओढ्यात उतरते.

मुक्काम कुठे करायचा ते यावरूनच ठरतं. विमान लीहुएला उतरतं. तिथून केए साधारण 60 किलोमीटर, पण दीड तास धरा. प्रिन्सव्हिलनंतर रस्ता अरुंद होतो आणि एका वेळी एकाच दिशेने गाड्या जाऊ शकतील असे पूल लागतात. तिथे शिस्त अशी की एका बाजूच्या पाच-सात गाड्या जातात, मग समोरच्यांना वाट देतात. हॉर्न कोणी वाजवत नाही. दक्षिणेला पोइपूला ऊन जास्त आणि हॉटेलं बरी, पण तिथून पहाटे निघून इथे यायचं म्हणजे दिवस रस्त्यातच सुरू होतो. धबधबा हाच सहलीचा गाभा असेल तर निदान तीन रात्री प्रिन्सव्हिल किंवा हानालेईला राहा.

निघायची वेळ: डिसेंबरात सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दरीत अंधार त्याच्या बराच आधी होतो. पहिल्या बसने या, आणि परतीची वेळ आधीच ठरवा. मी गटाला सांगतो की साडेबाराला आपण जिथे असू तिथून फिरायचं, धबधबा समोर दिसत असला तरी. घाईत उतरताना घोटे मुरगळतात, चढताना नाही.

ओढ्याचा निर्णय कसा घ्यायचा, ते नीट सांगतो.

किनाऱ्याजवळ पहिल्यांदा ओढा लागेल तिथे सगळ्यांनी थांबायचं, अगदी पाणी नगण्य दिसलं तरी. पाणी नितळ आहे का, तळाचे दगड दिसतात का ते पाहा. चहासारखं गढूळ झालं असेल, पानं-काटक्या वाहत असतील, किंवा पाण्याखाली धोंडे एकमेकांवर आपटल्याचा घुमणारा आवाज येत असेल, तर विषय संपला, तिथूनच परत. पाणी सगळ्यात लहान माणसाच्या गुडघ्याच्या वर असेल तरी परत, आणि तुमच्या गटात सगळ्यात लहान माणूस अकरा वर्षांची मुलगी आहे. तिला उचलून किंवा खांद्यावर घेऊन ओलांडायचा विचारही नको, त्याने दोघांचाही तोल जातो. पाणी ठीक असेल तर काठावरचा एक ठळक धोंडा हेरा, पाणी त्याला कुठपर्यंत लागलंय याचा फोटो काढा. वर दरीत जाताना प्रत्येक ओलांडणीवर हेच करा, आणि दर थोड्या वेळाने पाण्याकडे पाहत राहा. दोन बोटं चढलं तरी मागे फिरा. वर जाण्याची घाई नाही, पण खाली येणाऱ्या पाण्याला असते.

ओलांडताना बूट काढू नका. अनवाणी पाय शेवाळलेल्या कातळावर टिकत नाही, आणि दगडात बोट अडकलं तर मोडतं. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक तुम्हाला घेऊन जाणार नाही. तोंड वरच्या बाजूला, प्रवाहाकडे. काठी पुढे, एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. ओढा समुद्राला मिळतो त्या मुखाशी कधीच ओलांडू नका. वर वाहून गेलात तर धोंडे असतात, मुखाशी वाहून गेलात तर थेट लाटांमध्ये. कुठे आधीच्यांनी बांधलेला दोर दिसला तर त्याच्यावर भार टाकू नका. तो कोणी, कधी, कशाला बांधला हे कोणाला माहीत नसतं.

आणि पलीकडे अडकलात तर? थांबा. उंच, झाडाखाली नसलेली जागा बघा, कोरडे कपडे चढवा आणि बसा. असे ओढे जसे भरतात तसे ओसरतातही, बहुतेक वेळा काही तासांत. एक थंड, ओली रात्र त्रासाची असते, पण माणूस त्यातून घरी येतो. या ओढ्यात गेलेली माणसं थांबल्यामुळे गेलेली नाहीत.

या वाटेवर मोबाइलला रेंज नाही. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळत असेल तर घ्या. दरीत दोन्ही बाजूंना कडे आहेत, त्यामुळे तो चालायला आकाश उघडं असलेली जागा शोधावी लागते. मागे राहणाऱ्या सासूबाईंकडे एक कागद द्या: कोण कोण गेलंय, किती वाजता परतणार, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर 911 ला फोन करायचा.

समुद्राबद्दल एवढंच: हानाकापीआईच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय घालू नका. तिथे जीवरक्षक नाहीत, ओढ तीव्र आहे आणि बरीच माणसं बुडालेली आहेत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या लाटा तिथली वाळूच ओढून नेतात, उरतात ते नुसते गोटे. केएला जीवरक्षक असतात, पण डिसेंबरात तिथेही त्यांना विचारल्याशिवाय नाही.

धबधब्याखाली मोठा डोह आहे, पाणी थंडगार. पोहायचा मोह सगळ्यांना होतो. कड्यावरून दगड सुटतात. पाण्याबरोबर येणारा मुठीएवढा दगड 300 फुटांवरून डोक्यावर आला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून धारेखाली जाणं पूर्ण बंद, डोहाच्या अलीकडच्या काठाला बसा, पाहा, खा, निघा. दुसरं म्हणजे लेप्टो. मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा तोच लेप्टोस्पायरोसिस हवाईच्या ओढ्यांतही आहे, कारण दरीत रानडुकरं, शेळ्या, उंदीर फिरतात. पायाला जखम असेल तर पट्टी लावून मगच पाण्यात उतरा, डोकं बुडवू नका, ओढ्याचं पाणी पिऊ नका. साध्या फिल्टरवरही भिस्त ठेवू नका, हे जंतू इतके बारीक असतात की काही फिल्टरांतून निघून जातात. माणशी निदान तीन लिटर पाणी केएहूनच भरून घ्या. परतल्यावर महिन्याभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना "हवाईतल्या ओढ्यात उतरलो होतो" हे वाक्य आवर्जून सांगा. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार पटकन येणार नाही.

सामानाचा फार विचार करू नका. ग्रिप असलेले, भिजले तरी चालतील असे बूट हे सगळ्यात महत्त्वाचं. सह्याद्रीचा आणि काउआईचा कातळ एकाच जातीचा, बसाल्ट, फक्त दख्खनचा सुमारे 6.6 कोटी वर्षांचा आणि हा साधारण 50 लाखांचा. ओला झाला की दोन्हीकडे सारखाच दगा देतो. त्यावर लाल मातीचा थर आला की साबण फासल्यासारखं होतं. सासऱ्यांना पावसाळी घसाऱ्याची आठवण येईल. काठ्या दोन घ्या, एक नाही. गुडघ्यांसाठी उतरताना त्यांचा फार उपयोग होतो. पावसाळी जॅकेट, एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, हेडटॉर्च, शिट्टी, डासांचं मलम. जेवणासाठी चपातीचे रोल, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेची पुडी. वर्तमानपत्रात गुंडाळलेले थेपले या वाटेवर कुठल्याही एनर्जी बारपेक्षा चांगले टिकतात. हानालेईपुढे दुकान मिळेल असं धरून चालू नका. बूट निघण्याआधी आणि परतल्यावर घासून स्वच्छ करा. बेटावरच्या ओहिया झाडांना मारणारी बुरशी चिखलातून पसरते, म्हणून वाटांच्या सुरुवातीला ब्रश ठेवलेले असतात. ते वापरा, मुलांनाही वापरायला लावा. भाड्याच्या गाडीत काचेतून दिसेल असं काही ठेवू नका.

आता तुमच्या सहा जणांचं. मी असं करेन.

सासूबाईंना केएपर्यंत न्याच. पार्किंगपासून किनाऱ्याकडे जाणारी पायवाट अळूच्या पाणथळ वाफ्यांमधून जाते, पलीकडे उभा हिरवा कडा. अळू हे हवाईच्या लोकांचं पूर्वापार मुख्य अन्न, कंद शिजवून कुटून त्याचं पोई करतात. गावकऱ्यांनी हे वाफे पुन्हा उभे केलेत. ही शेती आहे, म्हणून बांधावरून उतरायचं नाही. जवळच लिमाहुली बाग आहे, तिथे जुन्या दगडी बांधांचे अळूचे टप्पे आणि बेटाची मूळ झाडं पाहायला मिळतात. त्यासाठी बुकिंग वेगळं. केएजवळ हुला नृत्यपरंपरेचं एक जुनं पवित्र स्थान आहे. तिथल्या दगडांवर चढू नका, ते हलवू नका, आणि वाटेत कुठेही दगडांची उतरंड रचू नका.

सासऱ्यांना पहिल्या अर्ध्या मैलाच्या दृश्यापर्यंत तर नक्की न्या. तिथे त्यांचे गुडघे काय म्हणतात ते त्यांनाच ठरवू द्या. ज्याने किल्ले केलेत तो माणूस स्वतःच्या पायांबद्दल खोटं बोलत नाही, फक्त नातवासमोर नाही म्हणायला त्याला जड जातं. म्हणून हा प्रश्न आदल्या रात्री, नातू नसताना विचारा. किनाऱ्यापर्यंत ते पोचले तर त्यांचा दिवस सार्थकी लागला असं मी म्हणेन. दरीतले पुढचे दोन मैल सत्तरीच्या गुडघ्यांसाठी डिसेंबरात मी सुचवणार नाही.

मुलीलाही ओढ्याच्या अलीकडेपर्यंतच. ती चिडेल. तिला सांगा की तिच्यासाठी उन्हाळ्यात पुन्हा यायचं आहे, आणि तो शब्द पाळा. तिच्यासोबत तुमच्यापैकी एकजण आणि आजोबा राहतील, म्हणजे ती तिघं सावकाश केएला परततील.

उरले दोघं, तुमच्यापैकी एक आणि मुलगा. आदले तीन दिवस कोरडे गेले असतील, इशारा नसेल, ओढा नितळ आणि गुडघ्याखाली असेल, आणि घड्याळात साडेनऊ वाजायचे असतील, तरच त्यांनी दरीत शिरावं. यातली एक गोष्ट जरी नसेल तर सगळे मिळून परत. दरीत थोडं वर गेलं की कॉफीच्या जुन्या गिरणीचे अवशेष लागतात, एकोणिसाव्या शतकातले. त्या काळात या दरीतून कॉफी, संत्री आणि गुरं नेण्यासाठीच ही वाट सुधारली गेली. त्याच्याही आधी इथे वस्ती होती. झुडपांत दगडी बांध दिसतात ते अळूचेच जुने वाफे. पुढे बांबूचं बन लागतं, पेरूची झाडं, आंब्याची झाडं. मुलाला तिथे पाच मिनिटं थांबवा. धबधब्याच्या ओढीने बहुतेक जण या दरीत खाली मान घालून चालतात आणि माणसं इथे राहत होती हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

दोन्ही दिवशी ओढा भरलेला असेल तर धबधबे दुसरीकडे आहेत. लीहुएजवळचा वायलुआ धबधबा गाडीतून उतरलं की दिसतो, ओपाएकाआही तसाच. दोन्ही पावसात जास्तच देखणे होतात आणि आजी-आजोबांना कठड्यापाशी उभं राहून पाहता येतात. बेटाच्या पश्चिमेला वायमेआच्या घळीत कॅनियन ट्रेल आहे, तो वायपोओ धबधब्याच्या माथ्यावर पोचतो. ती बाजू बरीच कोरडी. उत्तरेला मुसळधार असताना तिथे ऊन असू शकतं. मुलगी आणि मुलगा दोघांनाही ती वाट झेपेल, फक्त माथ्यावर कड्याच्या कडेला जायचं नाही. वायलुआच्याच बाजूला काउआईचा हिंदू मठ आहे, तिथलं ग्रॅनाइटचं इरैवन मंदिर भारतात घडवलेल्या दगडांनी उभं राहिलंय. भेटीची वेळ आधी ठरवावी लागते.

तुमच्या तारखा कळल्या की आधी त्यातून तीस दिवस मागे मोजा. नाताळच्या आठवड्यासाठी ते थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आसपास येतं, म्हणजे तुम्ही नेमके कुठेतरी प्रवासात असाल. फोनमध्ये पहाटे पावणेदोनचा गजर आजच लावून ठेवा, दोन्ही दिवसांसाठी वेगवेगळा.